घाई हाताला नको, तयारीला हवी

दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे माझ्या फोनवर एकाच साच्यातली बातमी येते. अमुक कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन उत्साहात. चेअरमन, व्हाइस चेअरमन, कार्यकारी संचालक, एखादं संचालक जोडपं सत्यनारायणाला बसलेलं. खाली नावांची वीस-पंचवीस जणांची रांग. गेली बावीस वर्षं मी ही बातमी छापतोय. एखादं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन येतो, "पत्रकार, आमचं नाव गाळलंत की हो!"

पण त्या बॉयलरच्या नळ्या आणि स्टीमची लाइन ज्यांनी उन्हाळाभर जोडली, त्यांच्यापैकी कुणाचा फोन बावीस वर्षांत एकदाही आला नाही. नाव गाळलं म्हणून तक्रार करायला नाव आधी यादीत असावं लागतं ना.

आज त्यांच्याबद्दल लिहायचंय. थोडं तांत्रिक आहे, लांबही आहे. पण आपल्या भागात पोरांच्या नोकऱ्यांवर सगळेच बोलतात आणि नोकरी नेमकी कुठं अडते ते कुणी बघत नाही. मला ते एका पाइपच्या जॉइंटवर बघायला मिळालं, म्हणून सांगतो.

आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. आयटीआयचा वेल्डर ट्रेड पास, मार्क चांगले. वर्षभर इकडं-तिकडं ग्रिल, गेट, शेड अशी कामं केली. मग कुणीतरी सांगितलं, पाइप वेल्डर हो, सिक्स जी टेस्ट पास हो, शटडाउनची कामं मिळतील, पुढं आखातात जाशील. आईनं पतसंस्थेतून कर्ज काढलं. पोरगा एका मोठ्या शहरातल्या खासगी केंद्रात दीड महिना शिकून आला आणि टेस्टला बसला. नापास. परत बसला, परत नापास. शेरा एकच: रूटमध्ये दोष.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सिक्स जी म्हणजे पाइप ४५ अंशात तिरका पक्का बांधलेला असतो. तो फिरवायचा नाही, वेल्डरनं स्वतः त्याच्याभोवती फिरायचं. खालून डोक्यावरचं वेल्डिंग, बाजूनं चढतं, वर सपाट, आणि सगळंच तिरकं. रूट म्हणजे सगळ्यात आतला पहिला थर. तो एकदा वरच्या थरांखाली झाकला गेला की डोळ्यांना दिसत नाही, एक्स-रेलाच दिसतो. आणि तोच थर वाफ अडवून धरत असतो. आपल्या दुचाकी-चारचाकीच्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो दाब असतो. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीचे बॉयलर ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलो दाबावर चालतात आणि वाफेचं तापमान पाचशे अंशांच्या आसपास असतं. तिथं रूट कच्चा राहिला तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पोरगा म्हणाला, "काका, हात कापतो माझा. माझ्याच्यानं नाही होणार." मी त्याला एमआयडीसीतल्या एका शेडवर घेऊन गेलो. तिथं एक मिस्त्री आहेत, साठीला आलेले. पस्तीस वर्षं पाइपच जोडलेत. बॉयलर, डेअरी, डिस्टिलरी, रिफायनरी, सगळं. त्यांनी पोराला विचारलं, "टॉर्च कसली हुती?" पोरगा म्हणाला, "होती तिथली." मिस्त्री म्हणाले, "हात कापत नाय लेका तुझा. तुला टॉर्चच बांधायला शिकवली नाय कुणी."

त्यानंतर मी तीन संध्याकाळी त्या शेडवर बसलो. जे बघितलं ते लिहितो. वेल्डर मंडळींनी काही चुकलं असेल तर हक्कानं सांगावं.

टिग वेल्डिंगला आपल्याकडं सगळे 'आर्गन' म्हणतात. एका हातात टॉर्च, तिच्या टोकाला टंगस्टनची सुई. ती वितळत नाही, फक्त ठिणगीची ज्योत धरते. भोवतीनं आर्गन वायू सुटतो आणि हवेला दूर ठेवतो. दुसऱ्या हातानं फिलर वायर द्यायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नॉर्थ्रप कंपनीच्या रसेल मेरेडिथ यांनी विमानांसाठी मॅग्नेशियम जोडायला ही पद्धत बसवली, तेव्हा हेलियम वापरायचे. काम स्वच्छ होतं, पण सावकाश. म्हणून स्टीम लाइनवर बहुतेक वेळा रूट टिगनं मारतात आणि वरची भरणी ७०१८ च्या रॉडनं करतात. पातळ नळ्या आणि स्टेनलेसचं काम सगळंच टिगनं.

सावकाश म्हटल्यावर मालकाचं लक्ष घड्याळाकडं जाणारच. पाइपचं काम 'इंच-डाया'वर मोजतात. सहा इंची पाइपचा एक जॉइंट म्हणजे सहा इंच-डाया, दोन इंचीचा म्हणजे दोन. ठेकेदार संध्याकाळी तेवढंच विचारतो, आज किती इंच झालं? पोराला खासगी केंद्रात हेच सांगितलं होतं, हात पळव.

मिस्त्रींनी हात सोडून बाकी सगळ्यापासून सुरुवात केली.

पहिली टॉर्च. पोरगा जिच्यावर शिकला ती जड केबलची, ढिल्या मुठीची. मिस्त्रींची १७ नंबरची, हवेवर थंड होणारी, १५० अँपिअरपर्यंतची. रूटला ९० ते १२० अँपिअर लागतात, त्यामुळं ती पुरते. वरची भरणीही टिगनंच असेल तर २६ नंबरची, २०० अँपिअरची. केबल खांद्यावरून मागं टाकलेली, मनगटावर तिचं वजन शून्य. "निम्मी पोरं केबल उचलून दमत्यात," मिस्त्री म्हणाले, "आन म्हणत्यात हात कापतो."

दुसरा कप, म्हणजे टोकाचं सिरॅमिक नोझल. त्याचा नंबर इंचाच्या सोळाव्या भागात असतो. आठ नंबर म्हणजे अर्धा इंच, साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. रूटला सात किंवा आठ, वरच्या रुंद थराला दहा किंवा बारा. कप मोठा घेतला तर तो खाचेत उतरत नाही, लहान घेतला तर वायूचं छत्र पुरत नाही.

तिसरी गॅस लेन्स. नाव लेन्स, पण काच नाही. कपाच्या आत बसणारी बारीक जाळी. तिच्यातून आर्गन घोळ न करता सरळ धारेत येतो. त्यामुळं सुई थोडी जास्त बाहेर काढता येते आणि वेल्डरला रूट दिसतो. जो भाग दिसतच नाही तो जोडणार कसा? ही जाळी काही महाग वस्तू नाही. पण पोरानं ती आयटीआयतही बघितली नव्हती आणि पतसंस्थेच्या कर्जातून फी भरलेल्या केंद्रातही.

चौथं टंगस्टन. २.४ मिलिमीटर जाड, पेन्सिलीसारखी टोकदार. टोकाची लांबी जाडीच्या दोन-अडीच पट. ग्राइंडरवर धरताना सुई चाकाकडं उभी धरायची, म्हणजे ओरखडे लांबीच्या दिशेनं येतात आणि ज्योत एका जागी राहते. आडवी घासली तर ज्योत भटकते. आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. लाल टोकाच्या सुईत थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे. हातात धरल्यानं धोका नगण्य, पण घासताना उडणारी धूळ छातीत जाऊ देऊ नये. निळ्या किंवा सोनेरी टोकाच्या लँथेनमच्या सुईत ती भानगड नाही. आमच्या भागातल्या मी बघितलेल्या बहुतेक शेडवर लालच सुई, आणि तोंडाला रुमालसुद्धा नाही.

पाचवा आर्गन. आठ नंबरच्या कपाला मिनिटाला आठ-दहा लिटर भरपूर झाले. पोरगा वीसवर ठेवायचा, जास्त वायू म्हणजे जास्त राखण असं समजून. होतं उलटं. जोरात सुटलेली धार भोवरा करते आणि बाहेरची हवाच आत ओढते. मग जॉइंटला बारीक भोकं पडतात. आणि शेजारी पंखा चालू असेल तर कितीही आर्गन सोडा, उपयोग नाही.

सहावं, ज्याला मिस्त्री अर्धं काम म्हणतात, ते फिटअप. पाइपच्या दोन्ही तोंडांना तिरका काप देऊन मिळून ७०-७५ अंशांची खाच, टोकाला मिलिमीटर-दीड मिलिमीटरची जाडी ठेवलेली. दोन पाइपांमधली फट सगळीकडं सारखी. त्यांचं माप सोपं: २.४ ची वायर फटीत बसली पाहिजे, आत पडता कामा नये. टाके मारल्यावर त्यांची दोन्ही टोकं ग्राइंडरनं उतरती करायची, म्हणजे रूट त्यांच्यावर चढताना अडखळत नाही. आतून-बाहेरून इंचभर भाग घासून चकचकीत. गंज, रंग, तेल, काही नको.

एवढं सगळं झालं तरी अजून ठिणगी पडलेली नाही बरं का. पोरगा चुळबुळ करायला लागला. मिस्त्री म्हणाले, "हितं वेळ घालीव. तिथं वाचंल."

आता हात. पोरगा टॉर्च अधांतरी धरून वेल्डिंग करायचा. सुई जॉइंटपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणि पाइपभोवती अर्धा मीटर प्रवास. अधांतरी हातानं ते अंतर सांभाळणं भल्याभल्यांना जमत नाही. मिस्त्रींची रीत वेगळी. कप सरळ खाचेच्या दोन कडांवर टेकवायचा. सुई आधीच एवढी बाहेर काढलेली की कप टेकला की अंतर आपोआप बरोबर. मग मनगटानं कप एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डोलवायचा. एक डोल, एक पाऊल पुढं. जड पिंप एकट्यानं सरकवायचं असलं की आपण ते उचलत नाही, तिरकं करून एकेका कडेवर डोलवत नेतो, तसंच. याला कप चालवणं म्हणतात. टॉर्चचं वजन पाइपवर, हाताला फक्त दिशा द्यायची. त्यामुळं हात कापायचा प्रश्नच उरत नाही.

वायर खाचेत टेकवून ठेवायची, सारखी बुडवायची-काढायची नाही. ज्योत तिच्यावरून चालते आणि दोन्ही कडांना बरोबर घेऊन वितळवते. सुरुवात घड्याळातल्या सहाच्या जागी, चढत बारापर्यंत. मग दुसऱ्या बाजूनं परत सहा ते बारा. ठिणगी खाचेच्या आतच पाडायची. बाहेर पाइपवर पडलेला एक डागसुद्धा तपासणीत नापास करू शकतो. थांबताना टॉर्च झटक्यात उचलायची नाही. ज्योत बाजूच्या भिंतीवर नेऊन संपवायची आणि आर्गन आठ-दहा सेकंद तिथंच सोडत राहायचा. नाहीतर शेवटी जो खड्डा राहतो त्यात चीर पडते. आणि सुई वितळलेल्या लोखंडाला लागली तर तसंच पुढं रेटायचं नाही. थांबायचं, सुई परत घासायची, ती जागाही घासून काढायची. टंगस्टनचा कण आत राहिला तर एक्स-रेच्या फिल्मवर पांढरा ठिपका होऊन तो चुगली करतोच.

पोराला पहिले दोन दिवस त्यांनी ठिणगी पाडूच दिली नाही. थंड पाइपवर, वीज बंद, नुसता कप चालवायचा. पोरगा वैतागला. तिसऱ्या दिवशी वीज चालू केली. पहिला रूट मी स्वतः टॉर्च लावून पाइपच्या आतून बघितला. सगळा चांगला नव्हता. पण जवळजवळ पाव वेढा असा होता की मिस्त्रींनी चष्मा काढून, पुसून, परत बघितला. म्हणाले, "हेवढा जमला तर बाकीचा बी जमंल."

आता हिशोब. मला जो मुद्दा मांडायचाय तो इथं आहे.

सहा इंची पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण ५२९ मिलिमीटर. साधा वेल्डर रूटला मिनिटाला ६० मिलिमीटर चालला, तर ज्योत चालू असल्याचा वेळ होतो नऊ मिनिटं. वेगवान वेल्डर ९० मिलिमीटर चालला, तर सहा मिनिटं. फरक किती? तीन मिनिटं. एका जॉइंटमागं हात पळवून मिळणार ती तीन मिनिटं.

वेगाचा फायदा नाही असं नाही. ११० अँपिअर आणि ११ व्होल्ट धरले, तर सावकाश चालीत दर मिलिमीटरला साधारण १.२ किलोज्यूल उष्णता पाइपमध्ये जाते, वेगवान चालीत ०.८. उष्णता कमी म्हणजे पाइप कमी वाकतो. स्टेनलेसला तर ते फारच महत्त्वाचं. पण हा वेग कप टेकवलेला, फट सारखी आणि सुई टोकदार असली तर आपसूक येतो. नुसता हात पळवून आणला तर रूट अर्धवट राहतो.

आणि रूट नापास झाला तर? खराब भाग ग्राइंडरनं उकरायचा, परत टिग, परत भरणी, परत एक्स-रे. एक्स-रे कधीही काढता येत नाही, किरणोत्सारामुळं आजूबाजूची माणसं हटवावी लागतात. म्हणून तो बहुतेक रात्रीच होतो. म्हणजे तीन मिनिटं वाचवायला गेलात आणि एक अख्खा दिवस घालवलात. मी मिस्त्रींना विचारलं, दिवसभरात तुमची ज्योत प्रत्यक्ष चालू किती वेळ असते? ते हसले. म्हणाले, "मोजा तुम्हीच." मी मोजलं. आठ तासांत दोन तासांच्याही आत. बाकीचा वेळ पाइप यायची वाट, हेल्परची वाट, ग्राइंडरचं चाक संपलं, आर्गनची बाटली संपली, क्रेन दुसरीकडं गेली. ठेकेदार पळवतो मात्र ते दोन तास. उरलेल्या सहा तासांचा जाब कुणी कुणाला विचारत नाही.

मंडळी, हे नुसतं वेल्डिंगचं आहे असं वाटतं का तुम्हाला? मला नाही वाटत. आपण सगळीकडं हेच करतोय. रस्ता आठवड्यात उरकायचा, खालचं रोलिंग नीट केलं नाही तरी चालेल. कोर्स दीड महिन्यात उरकायचा, टॉर्च बांधता आली नाही तरी चालेल. पण असो, रस्त्यावर परत कधीतरी. आज पाइपवरच राहतो.

आयटीआयचं बघा. तिथल्या निदेशकांना भेटलो. भला माणूस. वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. त्यात गॅस, आर्क, मिग, टिग सगळं बसवायचं. समोर वीसेक पोरं. आर्गनची बाटली येते ती प्रात्यक्षिक दाखवण्यात आणि परीक्षेला संपते. पाइप मिळतो तो भंगारातला, एकदा कापला की परत कापायला लांबी उरत नाही. ते म्हणाले, "साहेब, एका पोराच्या हातात टिगची टॉर्च वर्षभरात किती तास येते ते विचारू नका, मला सांगायला लाज वाटते." मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण त्यांच्याकडं बघून विचारवलं नाही. आणि तो प्रश्न त्यांना विचारायचाच नाही. 'वेल्डर (पाइप)' नावाचा स्वतंत्र ट्रेड सरकारच्या अभ्यासक्रमात आहे. आमच्या तालुक्यात मात्र नाही. आणि तालुक्यात काय आहे? कारखाने, डिस्टिलऱ्या, दूध संघ. म्हणजे पाइपच पाइप!

गेल्या काही वर्षांत इथेनॉलमुळं कारखान्या-कारखान्यात डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. मैलोगणती पाइप पडले. ते जोडायला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगालमधून पोरं आली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. ती पोरं घरदार सोडून पत्र्याच्या खोलीत आठ-आठ जण राहतात आणि त्यांचा हात उत्तम आहे. कुणा मिस्त्रीनं त्यांना थंड पाइपवर कप चालवायला लावला असेल म्हणून उत्तम आहे. 'बाहेरचे आले, आमच्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या' असं भाषण ठोकणाऱ्यांना माझा एकच सवाल. तुमच्या मतदारसंघातल्या आयटीआयमध्ये गेल्या वर्षी आर्गनच्या बाटल्या किती आल्या? नोकऱ्या कुणी हिसकावल्या नाहीत. आपण आपल्या पोरांच्या हातात टॉर्चच दिली नाही.

कुणी म्हणेल, आता यंत्रं आली, ऑर्बिटल मशीन पाइपभोवती स्वतः फिरून जॉइंट मारतं. खरं आहे. औषधाच्या, दुधाच्या कारखान्यांत स्टेनलेसच्या नळ्यांना ते वापरतात आणि छान काम होतं. पण मशीनला पाइपभोवती जागा लागते, सारख्या मापाचे खूप जॉइंट लागतात. बॉयलरच्या पोटात दोन नळ्यांच्या मधे आरसा धरून जॉइंट मारायचा असतो, तिथं आजही माणूसच जातो. आणि मशीनला फिटअप तर माणसापेक्षाही नेमका लागतो. म्हणजे तयारी चुकत नाही ती नाहीच.

सुरक्षेबद्दल बोलल्याशिवाय संपवत नाही, कारण घाईचा खरा हिशोब तिथं होतो. स्टेनलेसचा पाइप जोडताना आतूनही आर्गन भरावा लागतो. नाही भरला तर आतला रूट हवेनं जळून काळा, खडबडीत, दाणेदार होतो. इंग्रजीत त्याला शुगरिंग म्हणतात. साखर कारखान्याच्या गावात हा शब्द ऐकून मला हसू आलं, पण दुधाच्या लाइनमध्ये त्या दाण्यांत जंतू घर करतात तेव्हा हसण्यासारखं काही नसतं. आर्गन आणि वेळ वाचवायला हीच पायरी पहिली गाळतात. आणि दुसरी बाजू. आर्गन हवेपेक्षा जवळजवळ दीडपट जड. रंग नाही, वास नाही. मोठ्या पाइपात, टाकीत, खड्ड्यात तो तळाला साचतो आणि प्राणवायूला हटवतो. आत गेलेला माणूस खोकतही नाही, गुदमरल्याचं कळायच्या आत पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. उपाय साधे आहेत: आत जाण्याआधी प्राणवायू मोजायचा, हवा खेळती ठेवायची, बाहेर एक माणूस कायम उभा करायचा. तो 'बाहेरचा माणूस' हजेरीपटावर असतो. प्रत्यक्षात त्याला चहा आणायला पाठवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखूही त्याच गटात आहे. तंबाखूच्या पुडीवर इशाऱ्याचे फोटो छापतात. वेल्डरला साधा चांगला मास्क द्यायला आपल्याकडं बजेट नसतं.

नुसती तक्रार करून थांबणं बरोबर नाही, म्हणून मागण्या लिहितो. सगळ्या आपल्या तालुक्यात होण्यासारख्या आहेत, दिल्लीला जायची गरज नाही.

एक. कारखाने, डिस्टिलऱ्या आणि दूध संघांनी दुरुस्तीत निघालेले पाइपचे तुकडे भंगारवाल्याला देण्याआधी आयटीआयला द्यावेत. वीतभर तुकडासुद्धा पोराला चार वेळा शिकवतो.

दोन. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किंवा कारखान्यांच्या सामाजिक निधीतून आयटीआयला वर्षभर पुरेल एवढा आर्गन, गॅस लेन्स, कप आणि लँथेनमच्या सुया मिळाव्यात. उद्घाटनाच्या मंडपापेक्षा खर्च फार नाही येणार, कुणी खर्च काढून दाखवला तर मी तो छापतो.

तीन. प्रमाणपत्रावर मार्कांसोबत एक आकडा लिहा: या पोराच्या हातात टिगची टॉर्च किती तास होती. विमान चालवणाऱ्याचे तास मोजतात, मग ८७ किलो वाफ अडवणाऱ्याचे का नाही? तसंही वेल्डरची पात्रता कायमची नसते. अमेरिकेच्या एएसएमई संहितेत तर सहा महिने त्या पद्धतीनं काम केलं नाही की ती संपते. मग शिकतानाच तास मोजायला काय हरकत आहे?

चार. अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे. कारखान्यांनी ऑफसीझनमध्ये शिकाऊ पोरं घ्यावीत आणि त्यांना झाडू मारायला न लावता जुन्या मिस्त्र्यांच्या हाताखाली द्यावं. असे मिस्त्री आता मोजकेच उरलेत. आमच्या मिस्त्रींना दिसायला कमी लागलंय. अजून पाच वर्षांनी कुणाला विचारणार?

पाच. ठेकेदाराचं बिल नुसत्या इंच-डायावर न काढता पहिल्या एक्स-रेला पास झालेल्या इंच-डायावर काढावं आणि त्या पास झालेल्या कामाचा वाटा वेल्डरलाही मिळावा. बघा, घाई आपोआप तयारीकडं वळते की नाही.

आणि सहावी मागणी माझ्याच धंद्याकडं. पाइपच्या प्रत्येक महत्त्वाच्या जॉइंटजवळ वेल्डरचा नंबर ठोकलेला असतो. जॉइंट फुटला तर तो नंबर बघून माणूस शोधतात. म्हणजे दोष द्यायचा असला की आपल्याला माणूस बरोबर सापडतो! मग अग्निप्रदीपनाच्या दिवशी त्याच नंबरांची नावं एका फळ्यावर लिहायला काय लागतं? यंदा माझ्याकडं बातमी पाठवताना कारखान्यांच्या जनसंपर्कवाल्यांनी पाच-दहा वेल्डरांची नावं सोबत पाठवावीत. संचालकांच्या यादीतली दोन नावं कमी करावी लागली तरी मी ती छापणार. सकाळी सातला फोन येतील. येऊ देत.

पोराचं काय झालं विचाराल. तो अजून शेडवर जातोय. दिवसा ग्रिलची कामं, संध्याकाळी पाइप. पतसंस्थेचा हप्ता चालू आहे. पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा टेस्टला बसणार. पास होईलच असं मी म्हणत नाही, मिस्त्रीही म्हणत नाहीत. पण परवा तो स्वतःच्या पैशातून एक गॅस लेन्स विकत घेऊन आला आणि मला दाखवली. रुमालात गुंडाळून ठेवलेली. म्हणाला, "काका, आता टॉर्च मी माझी मी बांधणार."

तुमच्या तालुक्यातल्या आयटीआयमध्ये टिगची टॉर्च पोरांच्या हातात किती वेळ येते, ते जाऊन विचारा आणि मला कळवा. मी यादी करतोय.